पिंजऱ्याचा डावा पाय

माझा भाऊ खलफान याने बांधलेल्या गाडीच्या पिंजऱ्याचा डावा मागचा पाय तिसऱ्यांदा फाटला. उजवा पाय त्याच नळीचा, त्याच हाताने, त्याच दुपारी जोडलेला होता. त्यावर ओरखडाही नव्हता. गाडी आजवर एकदाही उलटलेली नव्हती.

ओमानमधल्या आमच्या बिदिया गावात वाळूत गाडी घालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पिंजरा असतो. गाडी टेकडीच्या माथ्यावरून कलंडली तर टप चेपतो, पिंजरा चेपत नाही, आणि आतला माणूस संध्याकाळी घरी कॉफी प्यायला येतो. खलफानच्या पिंजऱ्याची मुख्य कमान बैठकीच्या अगदी पाठीमागे, हौद्याच्या, म्हणजे सामान ठेवायच्या मागच्या उघड्या भागाच्या, पुढच्या टोकाशी उभी आहे. तिच्या खांद्यांपासून दोन नळ्या तिरक्या मागे उतरतात आणि हौद्याच्या तळातून थेट चासीला जोडल्या जातात. या दोन नळ्यांना आम्ही पाय म्हणतो. त्यांतला डावा फाटत होता.

खलफान आपले वेल्डिंग रंगाखाली झाकत नाही. आई खजुराच्या पातीची टोपली विणते तेव्हा वीण जशी एकसारखी पुढे सरकते, तसा त्याचा जोड दिसतो, आणि तो दिसावा म्हणून खलफान त्यावर फक्त पारदर्शक वॉर्निश देतो. आमच्या घरात अभिमान लपवण्याची पद्धत नाही. वडील विहिरींचे पंप जोडायचे आणि जोडलेल्या प्रत्येक नळीवर स्वतःचे नाव कोरायचे. खलफान नाव कोरत नाही. जोड ओळखू येतो, असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे.

म्हणूनच त्या फाटलेल्या पायाची गोष्ट केवळ एका गाडीची नव्हती. आमच्या अंगणात दुसरा एक पिंजरा तयार उभा होता. वाळूत अडकलेल्या, वाट चुकलेल्या लोकांना काढून आणणारी गावची एक टोळी आहे. तिचे प्रमुख अबू नासर हे वडिलांचे जुने मित्र. टोळीच्या गाडीसाठी त्यांनी खलफानकडून तो पिंजरा करून घेतला होता. थंडीचे दिवस तोंडावर होते. थंडीत बाहेरचे लोक वाळूत येतात, आणि जे येतात त्यांतले काही अडकतातच. पिंजरा तयार होता आणि खलफान तो देत नव्हता.

अबू नासर स्वतः मागायला आले. कॉफीचे दोन पेले झाल्यावर ते म्हणाले, की लोखंड कधीतरी फाटायचेच, आणि रक्षण करणारा तर वर बसला आहे.

“तो आहेच, अबू नासर,” खलफान म्हणाला. “पण नळी मी वाकवली आहे. माझी का फाटते ते कळल्याशिवाय तुमच्या पोरांना माझ्या लोखंडाखाली बसवणार नाही.”

“आणि कळलं नाही तर?”

“तर मस्कतहून कुणाकडून तरी करून घ्या. मी पुन्हा पिंजरा बांधणार नाही.”

अबू नासर यांनी तिसरा पेला घेतला नाही. पुरे म्हणायचे तसा पेला हलवून परत दिला. मी दारात उभी होते. माझा भाऊ अतिशयोक्ती करणारा माणूस नाही, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही.

मी रय्या. बिदियाच्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. खलफान मला घरात ‘उस्ताझा’, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणतो. त्यात आदर किती आणि टोमणा किती याचे प्रमाण दिवसागणिक बदलते. त्या संध्याकाळी त्याने मला काही विचारले नाही. फाटलेला पाय करवतीने कापून काढला आणि तो तुकडा माझ्या पुस्तकांवर आणून ठेवला. हे विचारणेच होते.

त्यापूर्वी तीन स्पष्टीकरणे गावात फिरत होती. ती मी क्रमाने तपासली.

पहिले आईचे. आमची आई झुवैना हिच्या मते गाडीला नजर लागली होती. शुक्रवारी गाड्या टेकडीवर चढवायच्या मैदानावर अर्धे गाव गाडीभोवती फिरते, जोडांवरून बोटे फिरवते, आणि नजर लागू नये म्हणून माशाअल्लाह म्हणायला विसरते. आईने गाडीखाली लोबान जाळला, चारही चाकांपाशी धूर दिला. लोबानाने वेल्डिंगला अपाय होत नाही, म्हणून मी हरकत घेतली नाही. मात्र नजर फक्त डाव्या पायालाच का लागावी? उजवीकडून पाहणारेही तितकेच असतात.

दुसरे स्पष्टीकरण कोणी खलफानच्या तोंडावर बोलत नव्हते: वेल्डिंग कच्चे आहे. तुकडा मी शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. एक टोक बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरवर घासून आरशासारखे केले आणि त्यावर सौम्य आम्ल फिरवले. आम्लाने जोडाची हद्द उघडी पडते. जोड नळीच्या भिंतीत पूर्ण मुरला होता. पोकळी नाही, मळी नाही. भेग जोडातून गेलीच नव्हती. ती जोडाच्या कडेला, नळीच्या मूळ पोलादात होती. फाटलेल्या पृष्ठभागावर चंद्रकोरीसारख्या रेषा एकामागून एक उमटल्या होत्या. एका धक्क्याने तुटलेले लोखंड असे दिसत नाही. हे पोलाद लहान लहान ताणांनी, फार मोठ्या संख्येने, थकत गेले होते.

घरी येऊन मी खलफानला सांगितले, की तुझा जोड शाबूत आहे. त्याच्या शेजारचे लोखंड हरले, जोड हरला नाही.

“ते मला माहीत होतं,” तो म्हणाला. मग हातातला पाना फडक्याने बराच वेळ पुसत राहिला. पाना आधीच स्वच्छ होता.

तिसरे स्पष्टीकरण अबू नासर यांचे होते आणि तिन्हींत ते सर्वांत विचारी होते. उन्हाळ्यात खलफानने गाडीचे सस्पेन्शन बदलले होते. मागच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधून एकेक पाटा काढला, लांब दांड्याचे शॉकअप बसवले, पाट्यांच्या टोकांचे बुश स्वतः लेथवर कातून घातले. आता मागचे चाक पूर्वीपेक्षा वीतभर जास्त खाली उतरत होते. टेकडीच्या उतारावर एक चाक खड्ड्यात आणि दुसरे हवेत, असे पूर्वी व्हायचे. आता दोन्ही चाके वाळूला धरून राहत. खलफानची गाडी त्या उन्हाळ्यानंतर मोठ्या टेकडीवर न थांबता चढू लागली. अबू नासर यांचा तर्क असा, की मऊ सस्पेन्शनमुळे चासी जास्त पिळली जाते आणि तो पीळ पिंजरा सोसतो. भेगा उन्हाळ्यानंतरच सुरू झाल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने होते.

खलफानने हे आधीच तपासले होते. दुसऱ्या भेगेनंतर त्याने काढलेले पाटे परत घातले, पायाच्या तळाशी त्रिकोणी पट्टी जोडली, आणि गाडी दगडासारखी कडक केली. टेकडीवर ती पुन्हा पूर्वीसारखी उड्या मारू लागली. मैदानावर लोक हसले. तिसरी भेग उशिरा आली, पण आली, आणि डावीकडेच आली. म्हणजे सस्पेन्शनचा काहीतरी हात होता, परंतु एकट्या सस्पेन्शनने हे होत नव्हते. पाटे दोन्ही बाजूंना सारखे होते. गाडी डावीकडे झुकत नव्हती. पाणपातळीने मी स्वतः मोजले.

आता त्या चंद्रकोरी. त्यांचा मध्य जिथे असतो तिथून भेग सुरू झालेली असते. चासी पिळल्यामुळे पाय फाटला असता तर भेग नळीच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला सुरू व्हायला हवी होती. ती सुरू झाली होती आतल्या बाजूला, हौद्याकडे तोंड असलेल्या बाजूला. दोन्ही टोके घट्ट जोडलेल्या नळीला मध्यावर आडवे रेटले, तर ज्या बाजूने रेटा येतो त्याच बाजूला टोकांशी ताण पडतो. याचा अर्थ एकच होता. कोणीतरी किंवा काहीतरी हा पाय आतून बाहेर ढकलत होते, पुन्हा पुन्हा.

मी हे खलफानला सांगितले तेव्हा त्याने मला हौद्यापाशी नेले आणि हाताने आत दाखवले.

“बघ. काय आहे आत?”

हौदा रिकामा होता. टेकडीवर चढताना तो नेहमी रिकामाच असतो. सुटे चाकसुद्धा खलफान उतरवून ठेवतो.

“तुझ्या वर्गातल्या मुली तुला घाबरत असतील, उस्ताझा. लोखंड घाबरत नाही. मोकळी हवा नळी ढकलत नसते.”

त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि भेगही बरोबर होती. दोन्ही बरोबर असतील तर आपण विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. कुठे चुकीचा, ते अजून दिसत नव्हते.

पाय नव्याने जोडल्यावर शुक्रवारी सकाळी मी दोन्ही पायांना वरपासून तळापर्यंत चुना दिला. भिंतींना देतो तसाच, मीठ घातलेला, म्हणजे पकड धरतो. सुकलेला चुना ठिसूळ असतो. खालचे लोखंड जरासे जरी ताणले तरी वर केसासारख्या चिरा उमटतात, आणि चिरा जिथे तिथे ताण. ही युक्ती जुनी आहे आणि तिला विजेची गरज नसते.

त्याच दुपारी, चुना सुकल्यावर, मी मैदानावर गेले. खलफानने पाटे पुन्हा काढले होते. गाडी मऊ होती, जशी त्याला हवी तशी. हवा कमी केलेल्या चाकांवर ती टेकडीच्या तळाशी उभी राहिली, मग इंजिनाचा आवाज एकसारखा चढत गेला आणि गाडी वर निघाली. मागची चाके आपापली खाली-वर होत होती, टप जवळजवळ स्थिर होता. माथ्यावर तिने क्षणभर जमीन सोडली आणि पलीकडे उतरली. माझ्या शेजारी अबू नासर होते. त्यांनी हातातली काठी वाळूत घट्ट रोवली. त्यांची तारीफ करण्याची तऱ्हा ती आहे. माझी तीही नाही, तरी लिहून ठेवते, की माझ्या भावाने बांधलेली गाडी त्या दिवशी मैदानावरची सर्वांत सुंदर गोष्ट होती.

गाडी परत आल्यावर मी वाकून पाय तपासले. चार चढाया, चार उड्या. चुना डावीकडे अखंड, उजवीकडे अखंड. टेकडीचा धक्का नळ्यांच्या लांबीने खाली जातो, आणि लांबीने येणारा भार सोसण्यासाठीच त्या नळ्या आहेत. टेकडी निर्दोष होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या शनिवारच्या जादा तासाला निघताना गाडी अंगणात परत आलेली होती. डाव्या पायाच्या मध्यावरचा चुना नाहीसा झाला होता. हातभर लांबीची नळी लख्ख दिसत होती, ओलसर. तळाशी, जोडाच्या वर, आतल्या बाजूला, केसासारख्या चिरांची जाळी उमटली होती. उजव्या पायावर काहीही नव्हते.

मी पोटाशी दप्तर धरून तिथे उभी असतानाच आई गोठ्यातून आली.

“शाळेत पोरींना हेच शिकवतेस का, जनावराला चुना चारायला? सम्हाचं सगळं तोंड पांढरं झालंय.”

सम्हा ही आईची सांडणी. जोडीने दौडणाऱ्या उंटांच्या शर्यतीत खलफान तिच्यावर बसतो, आणि तिच्याबद्दल या घरात माझ्याबद्दल बोलतात त्याहून जास्त बोलले जाते. दौडीचे मैदान घरापासून दूर आहे आणि मधला रस्ता खडीचा. तिचे तळवे जपावेत म्हणून खलफान रोज पहाटे तिला हौद्यात बसवून नेतो. गुडघे दोरीने बांधून, तळाच्या कड्यांना अडकवून, जसे इथे सगळे नेतात. हे मला माहीत होते. खलफानला माहीत होते. अबू नासर यांना, गावातल्या प्रत्येकाला माहीत होते. हौद्यात काय असते असे विचारल्यावर आम्ही सगळ्यांनी वाळूतला हौदा आठवला होता. सम्हाला सामान म्हणून मोजण्याचे कोणाच्या मनातच आले नाही. आमच्यात कोणी आपल्या आजीचे वजन गाडीच्या भारात धरत नाही, तसेच.

तरीही हे पुरेसे नव्हते. सांडणी मध्यभागी बसते. मग एकाच पायाला का रेटावे?

त्यानंतरच्या पहाटे मी हौद्यात बसले. मागच्या फळीला पाठ लावून, सम्हाच्या समोरच्या अंगाला नव्हे तर तिच्या पाठीमागे. आईने शिव्या देत मला शाल दिली. खडीच्या रस्त्यावर वाऱ्याने आणि चाकांनी आडव्या लाटा पाडलेल्या आहेत, हातभर अंतरावर एकेक. गाडी त्यांवर थरथरत चालली. मऊ पाट्यांमुळे ती थरथर आमच्यापर्यंत हळू झोक्यासारखी पोहोचत होती, डावीकडे, उजवीकडे. सम्हा ताठ बसली होती. दोन्ही पायांपासून तिचे अंग दूर होते.

गाव संपल्यावर खलफानने खिडकीची काच खाली केली. त्याचा डावा हात बाहेर आला आणि मागे वळला. बोटांत खजूर होता.

सम्हाने मान लांब केली. कमान आणि डावा पाय यांच्या मधल्या फटीतून ती बाहेर काढली, पुढे खिडकीपर्यंत नेली, आणि खजूर उचलला. तेवढ्यासाठी तिला संपूर्ण अंग डावीकडे टाकावे लागले. तिचा खांदा डाव्या पायाच्या बरोबर मध्यावर टेकला. मग ती मागे आलीच नाही. खजूर संपला तरी मान खिडकीशीच राहिली, कारण दुसरा येतो हे तिला ठाऊक होते. आणि येत होता. रस्त्याच्या प्रत्येक लाटेबरोबर गाडी झुलत होती, आणि प्रत्येक झोक्याला तिचे वजन खांद्यातून नळीवर पडत होते. मी नळीच्या तळाशी हात ठेवला. लोखंडाची हालचाल बोटांना कळत होती. मधल्या वेळात सम्हा मान वाकवून नळीवरचे मीठ चाटत होती.

मी टपावर थाप मारली. गाडी थांबली.

“खलफान, काच वर कर आणि तशीच ने.”

“का?”

“ने तर.”

त्याने काच वर केली. सम्हाने बंद काचेवर ओठ फिरवून पाहिले, थोडा वेळ वाट पाहिली, मग नाराजीने मान आत घेतली आणि मध्यभागी बसली. पुढच्या साऱ्या रस्त्यात तिचा खांदा नळीला लागला नाही. मी पुन्हा काच उघडायला लावली. ती पुन्हा डावीकडे गेली. मी पुन्हा बंद करायला लावली. या वेळी खलफान उतरून मागे आला आणि हौद्याच्या कडेला हात टेकून उभा राहिला. त्याने नळी पाहिली, तिच्या तळाची चिरांची जाळी पाहिली, मग स्वतःचा हात पाहिला. बोटे खजुराने चिकट होती.

“लहानपणापासून देतोय हिला असाच,” तो म्हणाला. “पहिल्या गाडीतही.”

पहिल्या गाडीला पिंजरा नव्हता. मान बाहेर काढताना तिला टेकायला तिथे काहीच नव्हते.

विशेष म्हणजे हे दृश्य साऱ्या बिदियाने पाहिले होते. खिडकीतून गाडीत डोके घालणाऱ्या सम्हाचे चित्र गावातल्या बहुतेक फोनांत आहे. लोक ते पाहून हसतात, तिची तारीफ करतात, तिच्या मालकाची करतात. तिचा खांदा कुठे टेकला आहे हे त्या चित्रात स्वच्छ दिसते.

मग मी दोन्ही पायांना पुन्हा चुना दिला, या वेळी मीठ न घालता. पुढचे काही दिवस खलफान काच बंद ठेवून सम्हाला दौडीच्या मैदानावर नेत राहिला. सम्हाला खजूर उतरल्यावर मिळू लागले. पहिल्या दोन पहाटे ती रुसून दौडली. आईने याबद्दल मला जबाबदार धरले आहे. चुन्यावर चीर उमटली नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. पाटे मऊच होते. शुक्रवारी गाडी टेकडीवर चढली, तेव्हाही नाही.

त्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर खलफानने टोळीच्या लोकांना घरी बोलावले. बैठकीत हलवा ठेवला होता, कॉफी उजवीकडून फिरत होती. कापलेला तुकडा त्याने सर्वांच्या हातातून फिरवला. जोड कुठे आणि भेग कुठे ते नखाने दाखवले, आणि मग खजुराची गोष्ट त्याने स्वतः सांगितली, काही न गाळता. माझे नाव त्याने दोनदा घेतले, दोन्ही वेळा ‘उस्ताझा’ म्हणून. त्या दिवशीचे प्रमाण मला कळले. बैठकीत जो हशा पिकला तो बराच वेळ चालला, आणि खलफान त्यात बसून राहिला. लपवायचे काही नसलेला माणूस बसतो तसा, ताठ.

अबू नासर सर्वांत शेवटी हसले.

“म्हणजे आमच्या गाडीत उंट बसवायचा नाही, एवढीच अट?”

“उंट बसवा,” खलफान म्हणाला. “लाड करू नका. आणि पिंजरा आजच न्या.”

चौघांनी तो अंगणातून उचलला. जोडांवरचे वॉर्निश उन्हात चमकत होते, आणि अबू नासर यांनी जाता जाता एका जोडावरून बोट फिरवले. माशाअल्लाह म्हणायला ते विसरले नाहीत, कारण आई दारात उभी होती.

कारण असे होते. डावा पाय वेल्डिंगमुळे फाटला नाही, टेकडीमुळे नाही, नजरेमुळे नाही. गाडीचा चालक डावीकडे बसतो. तो रोज पहाटे खिडकीतून हात मागे नेऊन सांडणीला खजूर देत होता. ते घेण्यासाठी ती आपला खांदा डाव्या पायाच्या मध्यावर टेकत होती. मऊ केलेल्या पाट्यांवर गाडी खडीच्या लाटांनी झुलत होती, आणि प्रत्येक झोक्याला तिचे वजन ती नळी आतून बाहेर रेटत होते. लांबीने भार सोसण्यासाठी केलेली नळी आडव्या भाराने थकली, आणि जोडाच्या कडेला फाटली. जोड टिकला.